विश्लेषण : ड्रॅक्युलापेक्षा झॉम्बीची भीती अधिक का वाटते?

आदित्य सरपोतदार या मराठी दिग्दर्शकाच्या नावावर भयपटांच्या जगातील एक दुर्मीळ योग आहे. २०२२च्या प्रजासत्ताक दिनी त्यांचा ‘झोंबिवली’ आला. डोंबिवलीत झॉम्बींचा उच्छाद, असा त्याचा विषय. त्यानंतर २०२५च्या दिवाळीत त्यांचा हिंदी ‘थामा’ आला. यात आयुष्मान खुराना बेताळ होतो, म्हणजे पाश्चात्त्य भाषेत व्हॅम्पायर. दोन्ही विनोदी अंगाचे भयपट. तरीही ‘थामा’तील रक्तपिपासू प्रेमात पडतो, गाणी म्हणतो आणि प्रेक्षक ते मान्य करतो. ‘झोंबिवली’तील झॉम्बीकडून कुणी गाण्याची अपेक्षा करत नाही. मेलेला माणूस उठतो, जिवंत माणसाला चावतो आणि त्यालाही आपल्यासारखा करतो, इथपर्यंत दोघांची कुंडली एकच आहे. मग एक नायक झाला आणि दुसऱ्याचे नाव काढले तरी अंगावर शहारा येतो, असे का?

व्हॅम्पायर आधीपासूनच देखणा होता का?

मुळीच नाही. आज व्हॅम्पायर म्हटले की काळा झगा, गोरापान चेहरा आणि किल्ल्यात राहणारा सरदार डोळ्यांसमोर येतो. ज्या गावांतून ही कल्पना युरोपभर पसरली, तिथला व्हॅम्पायर मात्र शेतकरी होता. १७२५ मध्ये ऑस्ट्रियाच्या ताब्यातील सर्बियात किसिल्येवो गावी पेटार ब्लागोयेविच नावाचा माणूस मेला. त्यानंतर आठ दिवसांत गावातील नऊ जण दगावले. मरण्यापूर्वी त्यांनी म्हणे सांगितले, की पेटार रात्री येऊन आमचा गळा दाबतो. त्याच्या बायकोने सांगितलेली गोष्ट तर अगदी घरगुती होती. मेलेला नवरा घरी आला आणि त्याने आपल्या वहाणा मागितल्या! गावकऱ्यांनी ऑस्ट्रियन अधिकाऱ्यासमोर थडगे उकरले. प्रेत कुजलेले नव्हते, तोंडाशी ताजे रक्त होते, जुनी कातडी गळून खाली नवी दिसत होती. छातीत खुंटा ठोकून ते जाळण्यात आले आणि अधिकाऱ्याने तसा अहवाल वर पाठवला.

या सगळ्या खुणा खऱ्याच होत्या, फक्त त्यांचा अर्थ वेगळा होता. पुरलेल्या शरीरात वायू साठून पोट फुगते, त्या दाबाने काळपट द्रव तोंडाशी येतो, वरची त्वचा सुटून आतला गुलाबी थर दिसतो. पॉल बार्बर या अमेरिकी अभ्यासकाने १९८८ मध्ये आलेल्या पुस्तकात हे सविस्तर मांडले आहे. अशा प्रकरणांचा इतका बोभाटा झाला, की सम्राज्ञी मारिया थेरेसा हिला १७५५ मध्ये थडगी उकरण्याविरुद्ध हुकूम काढावा लागला. म्हणजे मूळचा व्हॅम्पायर फुगलेला, तांबूस, दुर्गंधीयुक्त आणि शेजारीपाजारी राहिलेला होता. तो सर्वांत आधी आपल्याच घरच्यांकडे यायचा. आजच्या वर्गवारीत बसवायचे तर त्याला झॉम्बीच म्हणावे लागेल.

त्याला सरदार केले ते साहित्याने. १८१९ मध्ये जॉन पोलिडोरी याच्या कथेत लॉर्ड रुथवेन अवतरला. पोलिडोरी हा कवी बायरनचा डॉक्टर, आणि रुथवेनमध्ये बायरनचीच छटा होती. पुढे १८९७ मध्ये ब्रॅम स्टोकरचा ‘ड्रॅक्युला’ आला. कादंबरीतला काउंट म्हातारा आहे, त्याच्या श्वासाला घाण वास येतो, तळहातावर केस आहेत. पण रंगभूमीला असा माणूस चालेना. दिवाणखान्यात पाहुणा म्हणून वावरायचे तर त्याला नीटनेटके कपडे हवेत. त्यातून सूटबूट आणि झगा आला आणि १९३१ मध्ये हंगेरियन नट बेला लुगोसी याने तोच अवतार पडद्यावर कायमचा कोरला. १९५८ मध्ये ब्रिटनच्या हॅमर कंपनीने ख्रिस्तोफर लीला रंगीत पडद्यावर आणले, त्यात उघड शृंगार मिसळला. अ‍ॅन राइसच्या १९७६च्या कादंबरीने व्हॅम्पायरलाच आपली कैफियत मांडायला बसवले. १९९४च्या चित्रपटात हे दुःखी व्हॅम्पायर ब्रॅड पिट आणि टॉम क्रूझ होते. २००८च्या ‘ट्वायलाइट’मध्ये तर उन्हात गेल्यावर त्याची कातडी हिऱ्यासारखी चमकते. दरम्यान १९७२ मध्येच ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या कार्यक्रमात एक व्हॅम्पायर अंक शिकवायला लागला होता. जो पाढे शिकवतो, त्याची भीती किती दिवस टिकणार?

नियम पाळणारे भूत…

देखणेपण हे एक कारण झाले. त्याहून मोठे कारण नियमांचे आहे. व्हॅम्पायर दिवसा बाहेर पडत नाही, आमंत्रणाशिवाय उंबरा ओलांडत नाही, लसूण, क्रूस, पवित्र पाणी त्याला चालत नाही, आरशात दिसत नाही, छातीत खुंटा ठोकला की संपतो. बाल्कनमधील समजुतीनुसार वाटेत बिया विखरून ठेवल्या तर तो त्या मोजत बसतो आणि तोवर उजाडते. रायन कूगलर यांच्या २०२५च्या ‘सिनर्स’मध्येही, १९३२च्या मिसिसिपीतील त्या नाचगाण्याच्या बैठकीबाहेर व्हॅम्पायर दारात ताटकळत आत बोलावण्याची विनवणी करतात. दरवाजा उघडायचा की नाही, हे आतल्यांच्या हाती असते.

यातले काही नियम अगदी अलीकडचे आहेत. उन्हाने व्हॅम्पायर मरतो हे आपण प्राचीन सत्य समजतो, पण स्टोकरचा ड्रॅक्युला लंडनमध्ये दिवसाढवळ्या फिरतो. फक्त त्याची शक्ती तेव्हा कमी असते. सूर्यकिरणांनी त्याला नाहीसे करण्याची युक्ती १९२२च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटाची. एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ दिग्दर्शित हा चित्रपट स्टोकरच्या कादंबरीवर परवानगीविना बेतला होता. स्टोकरच्या विधवा पत्नीने दावा लावला, प्रती नष्ट करण्याचा आदेशही मिळवला, पण काही प्रती वाचल्या आणि तो उन्हाचा नियम सगळ्यांचा झाला.

नियम म्हटले की दिलासा आला. हे समजायला मराठी वाचकाला ट्रान्सिल्व्हेनियात जाण्याची गरज नाही. आपला मुंजा पिंपळावर राहतो, गिऱ्हा पाण्यात, ब्रह्मराक्षसाचे झाड ठरलेले. हडळीचे पाय उलटे, म्हणजे ओळख पटते. कुणाला दहीभाताचा उतारा लागतो, कुणाला नारळ. या प्रत्येकाला पत्ता आहे, वेळ आहे आणि मुख्य म्हणजे मागणी आहे. आजीच्या गोष्टीत भूत भेटले की त्याला ‘काय हवे?’ असे विचारता येत असे. ज्याला काही हवे आहे त्याच्याशी व्यवहार होऊ शकतो. वेताळ तर विक्रमाच्या खांद्यावर बसून गोष्टी सांगतो, कोडी घालतो. १८७० मध्ये रिचर्ड बर्टनने या वेताळकथा इंग्रजीत नेल्या तेव्हा शीर्षकात त्याने विक्रमासोबत ‘व्हॅम्पायर’ हाच शब्द वापरला. भाषांतर म्हणून तो ओढूनताणून केलेला आहे, पण एका बाबतीत चपखल बसतो. दोघेही बोलतात.

झॉम्बी बोलत नाही. त्याला विनवता येत नाही, फसवता येत नाही, लाच देता येत नाही. त्याला तुमचा राग नाही, तुमच्यावर प्रेम नाही. तुम्ही कोण आहात हेही त्याला ठाऊक नाही. ड्रॅक्युला मिना आणि लूसीला निवडतो. झॉम्बीसमोर तुम्ही फक्त जवळ असता, एवढेच. निवडले जाण्यात कुठेतरी सूक्ष्म खुशामत असते आणि व्हॅम्पायरपटांचा सगळा शृंगार त्यावर उभा आहे. झॉम्बीपटात तीही नाही.

मग झॉम्बी आला कुठून?

हैतीतून, आणि त्याची मूळ कथा अंगावर धावून येणाऱ्या प्रेतांची नाही. फ्रान्सची सां-दोमांग ही वसाहत अठराव्या शतकात साखरेच्या जोरावर जगातील अत्यंत श्रीमंत वसाहतींपैकी एक होती. ती साखर आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या हाडांवर पिकत होती. उसाच्या मळ्यात आणि चरकावर माणसे इतक्या वेगाने मरत, की सतत नवे गुलाम आणावे लागत. मेल्यावर आपण समुद्रापलीकडे पूर्वजांच्या भूमीत परत जाऊ, ही त्यांची एकमेव आशा. झॉम्बी म्हणजे ज्याची ही आशाही हिरावली गेली तो: मेल्यावरही मांत्रिक ज्याला उठवून पुन्हा शेतात जुंपतो असा मजूर. हैतीच्या माणसाला झॉम्बीची भीती वाटत नव्हती, झॉम्बी होण्याची वाटत होती.

१७९१ मध्ये तिथे उठाव झाला आणि १८०४ मध्ये गुलामांनीच स्वतंत्र देश उभा केला. पुढे १९१५ ते १९३४ हैती अमेरिकी सैन्याच्या ताब्यात होता. त्या काळात विल्यम सीब्रूक हा अमेरिकी लेखक तिथे गेला आणि १९२९ मध्ये त्याने पुस्तक लिहिले. त्यातील एक कथा अमेरिकी साखर कंपनीच्या मळ्यात राबणाऱ्या झॉम्बींची आहे. त्यांना मीठ द्यायचे नसते. मुकादमाची बायको दया येऊन त्यांना खाऊ देते, त्यात मीठ असते. तो चाखताच आपण मेलेलो आहोत हे त्यांना उमगते आणि ते निमूटपणे आपापल्या गावाकडे, आपापल्या थडग्यांकडे चालू लागतात. यात कुणी कुणाला चावत नाही.

१९३२ मध्ये ‘व्हाइट झॉम्बी’ आला. हा पहिला पूर्ण लांबीचा झॉम्बीपट मानला जातो. त्यात साखर कारखान्याचा एक प्रसंग आहे. चरक फिरवणाऱ्या झॉम्बींपैकी एक तोल जाऊन आत पडतो आणि बाकीचे न थांबता चरक फिरवत राहतात. संपूर्ण चित्रपटात याच्याइतके भयानक काही नाही. गंमत अशी, की या झॉम्बींचा धनी झाला होता बेला लुगोसी. आदल्याच वर्षीचा ड्रॅक्युला. तेव्हा पडद्यावरचा व्हॅम्पायर आणि झॉम्बींचा मालक यांच्यासाठी एकच चेहरा पुरेसा होता, कारण दोघांचे काम एकच होते: इतरांच्या रक्तावर जगणे. कार्ल मार्क्सने भांडवलाला व्हॅम्पायरची उपमा १८६७ मध्येच दिली होती.

आजचा, माणूस खाणारा, टोळीने येणारा झॉम्बी मात्र पिट्सबर्गचा. जॉर्ज रोमेरो आणि त्याच्या मित्रांनी सुमारे १ लाख १४ हजार डॉलरमध्ये ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ केला. ऑक्टोबर १९६८ मध्ये तो प्रदर्शित झाला. चित्रपटात ‘झॉम्बी’ हा शब्द एकदाही येत नाही. रोमेरोने प्रेरणा घेतली होती ती रिचर्ड मॅथेसनच्या १९५४च्या ‘आय अ‍ॅम लेजंड’ या कादंबरीवरून, आणि ती कादंबरी आहे व्हॅम्पायरची! साथीच्या रोगाने सारे जग व्हॅम्पायर झालेले आहे आणि उरलेला एकमेव माणूस रोज रात्री घर बंद करून बसतो. रोमेरोने त्यातून वाचा काढून घेतली, बुद्धी काढून घेतली, दात ठेवले आणि गर्दी ठेवली. म्हणजे आधुनिक झॉम्बी हा व्हॅम्पायरचाच वंशज ठरतो. सरदार होताना व्हॅम्पायरने जे टाकून दिले, ते सगळे या वंशजाने उचलले.

त्याच्या प्रसाराला एका कारकुनी चुकीनेही हातभार लावला. वितरकाने ऐनवेळी चित्रपटाचे नाव बदलले आणि नव्या श्रेयफलकावर स्वामित्वहक्काची सूचना टाकायची राहून गेली. त्या काळच्या अमेरिकी कायद्यानुसार चित्रपट थेट सार्वजनिक मालकीचा झाला. कुणीही तो दाखवावा, विकावा, त्यातली कल्पना वापरावी. ‘नोस्फेराटू’च्या प्रती न्यायालयाच्या आदेशाने जाळायला निघाल्या होत्या, इथे कुणाला विचारायचीही गरज नव्हती. रोमेरोच्या हाती त्यातून फारसे काही लागले नाही.

एका चाव्याचे गणित काय सांगते?

व्हॅम्पायरही चावतोच. मग तोही जग का व्यापत नाही? सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ कोस्तास एफ्थिमिऊ यांनी सोहंग गांधी यांच्यासह २००६ मध्ये हे गणित मांडले होते. समजा, १ जानेवारी १६०० रोजी जगात एकच व्हॅम्पायर आहे. तो महिन्यातून एकदाच चावतो आणि ज्याला चावतो तोही व्हॅम्पायर होतो. दर महिन्याला संख्या दुप्पट. त्यांनी तेव्हाची लोकसंख्या सुमारे ५३ कोटी ६८ लाख धरली. अडीच वर्षांत एकही माणूस उरत नाही. बुद्धिबळाच्या पटावरील तांदळाच्या दाण्यांची गोष्ट ज्याने ऐकली आहे त्याला हे नवे नाही.

व्हॅम्पायरकथांनी या गणिताला हुशारीने बगल दिली. बहुतेक कथांत नुसते चावून भागत नाही. व्हॅम्पायर करण्यासाठी त्याचे रक्त पाजावे लागते, विधी करावा लागतो, इच्छा असावी लागते. व्हॅम्पायरपद हे असे निवडकांचे झाले. झॉम्बीपटाने उलट ते गणित उघडपणे अंगावर घेतले. रॉबर्ट स्मिथ या कॅनडातील गणितज्ञाने विद्यार्थ्यांसह २००९ मध्ये साथरोगांची समीकरणे झॉम्बींना लावून पाहिली. विलगीकरण पुरेसे पडत नाही, लगेच आणि वारंवार जोरदार प्रतिकार केला तरच माणूस टिकतो, असे उत्तर आले. त्यात मजेचा भाग होता, पण समीकरणे गोवर-फ्लूसाठी वापरतात त्याच जातीची होती. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, मे २०११ मध्ये आपत्कालीन तयारीची माहिती झॉम्बीहल्ल्याच्या निमित्ताने दिली, तेव्हा वाचकांच्या लोंढ्याने त्यांचे संकेतस्थळच कोलमडले. वादळासाठी पाणी आणि औषधे साठवा, हे इतकी वर्षे सांगूनही इतके लोक फिरकले नव्हते.

चाव्याची भीती मात्र गणिताच्याही आधीची आहे. हुआन गोमेझ-अलोन्सो या स्पॅनिश मेंदूविकारतज्ज्ञाने १९९८ मध्ये ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात लिहिले, की व्हॅम्पायरच्या लोककथेमागे रेबीज असू शकतो. चाव्यातून पसरणे, झोप उडणे, पाणी, प्रकाश आणि तीव्र वास सहन न होणे, आक्रमकता. हे अनुमानच आहे, पण ‘२८ डेज लेटर’सारख्या चित्रपटातील विषाणू याच ओळखीच्या धाग्यावर चालतो. रेबीजने जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे मरतात, त्यातील साधारण एक तृतीयांश भारतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. लक्षणे दिसल्यावर जवळपास कुणी वाचत नाही. कुत्रा चावल्यावर सरकारी दवाखान्याच्या रांगेत इंजेक्शनची वाट पाहत बसलेल्या घरच्यांना जे वाटते, ते झॉम्बीपट बरोबर पकडतो. चावा आणि रूपांतर यांच्यामधला तो वेळ. चावलेला अजून आपलाच आहे, बोलतो आहे, बाही खाली ओढून जखम लपवतो आहे. २०१६च्या ‘ट्रेन टू बुसान’ या कोरियन चित्रपटात धावत्या गाडीच्या डब्यात हा वेळ काही सेकंदांवर येतो, आणि तरीही बाप आणि मुलीच्या निरोपाला तो पुरवला जातो. त्या चित्रपटात थिएटरमध्ये लोक ओरडले त्यापेक्षा रडले अधिक असतील.

व्हॅम्पायरचा चावा माणसाला काही देतो: अमरत्व, सौंदर्य, शक्ती. ‘ट्वायलाइट’ची नायिका तर तो मागते. झॉम्बीचा चावा फक्त काढून घेतो. झॉम्बी होऊ दे, असा हट्ट धरणारी नायिका अद्याप कुणाला सुचलेली नाही.

मेंदूला नेमके काय खटकते?

नोएल कॅरल या तत्त्वज्ञाने १९९०च्या आपल्या ग्रंथात भयकथेतील राक्षसाची दोन लक्षणे सांगितली. तो धोकादायक हवा आणि ओंगळही हवा. केवळ धोका असेल तर वाघही पुरतो. किळस आली की भय पोटात उतरते, कारण किळस ही मुळात रोगापासून वाचवणारी भावना आहे. पू, सडका वास, उघडी जखम यांच्यापासून आपण विचार न करता मागे सरतो. व्हॅम्पायरने धोका राखला पण ओंगळपणा सोडला. झॉम्बीकडे दोन्ही आहेत.

शिवाय झॉम्बी जवळजवळ माणूस आहे. जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये मांडलेली कल्पना इथे लागू पडते. यंत्र माणसासारखे दिसू लागले की आधी आवडते, मात्र अगदी माणसासारखे पण थोडेसे चुकलेले असले की नकोसे होते, आणि ते हलू लागले की ही दरी आणखी खोल होते. झॉम्बीची चाल, मानेचा कोन, रिकामी नजर ही सगळी त्या दरीच्या तळाशी आहे. २००२ मध्ये डॅनी बॉइल यांच्या ‘२८ डेज लेटर’ने त्याला पळायलाही लावले. जाणकारांत यावर अजून वाद आहे. हळू चालणारा झॉम्बी अधिक भीतीदायक, कारण तो थकत नाही, असे रोमेरोच्या बाजूचे म्हणणे. ते पटण्यासारखे आहे. पळणारा दचकवतो, चालत येणारा झोपू देत नाही.

म्हणजे व्हॅम्पायरपट कधीच घाबरवत नाही?

तसे नाही. पण तो घाबरवतो तेव्हा त्याने बहुधा झॉम्बीकडून उसनवारी केलेली असते. स्टीफन किंगच्या १९७५च्या ‘सालेम्स लॉट’मध्ये व्हॅम्पायर एकेक करून सारे गाव गिळतो, शेजारचा मुलगा रात्री खिडकीवर टकटक करतो. नारायण धारपांनी हीच कल्पना ‘लुचाई’मध्ये मराठी गावात आणली आणि ती वाचून रात्री खिडकी लावून घेतलेल्यांची एक पिढी महाराष्ट्रात आहे. ‘थर्टी डेज ऑफ नाइट’ने २००७ मध्ये व्हॅम्पायरांची टोळी अलास्कातील महिनाभर सूर्य न उगवणाऱ्या गावात सोडली, म्हणजे उन्हाचा नियमच काढून घेतला. रॉबर्ट एगर्स यांनी २०२४च्या ‘नोस्फेराटू’त काउंटला सडके, मिशाळ प्रेत केले आणि त्याच्यासोबत गावात उंदीर आणि प्लेग आणला. किसिल्येवोच्या पेटारला शोभेल असा तो व्हॅम्पायर आहे. स्वीडनच्या ‘लेट द राइट वन इन’ची (२००८) वाट मात्र स्वतंत्र. तिथली भीती त्या बारा वर्षांच्या दिसणाऱ्या व्हॅम्पायरची नसून तिच्यासाठी म्हातारा होत गेलेल्या माणसाची आहे. आता त्या जागी कोण जाणार, हे शेवटी आपल्याला दिसते.

भारतात दोघेही हसवायलाच का येतात?

रामसे बंधूंनी १९९० मध्ये ‘बंद दरवाजा’त ड्रॅक्युलाचा देशी अवतार गंभीरपणे करून पाहिला. नंतर मात्र झॉम्बी आला तो २०१३च्या ‘गो गोवा गॉन’मध्ये, गोव्याजवळच्या बेटावरील पार्टीतून आणि नशेच्या गोळीतून, सैफ अली खानच्या खोट्या रशियन उच्चारांसह. एक साधी अडचण आहे. जिथे बहुसंख्य लोक मृतदेह जाळतात तिथे थडग्यातून उठणार कोण? आपली भुते म्हणूनच देहाची नसून वासनेची असतात; काहीतरी राहून गेलेले असते. झॉम्बीची वासना काहीच नाही, तो नुसता देह आहे. त्यामुळे आपल्याकडे त्याला नेहमी बाहेरून आणावे लागते, औषधातून, विषाणूतून किंवा गोळीतून, आणि परका पाहुणा हसू आणतोच. वेताळाचे उलट आहे. कोकण-गोव्यात तो ग्रामदैवत आहे, पुण्यात टेकडीला त्याचे नाव आहे. त्याला घाबरण्याआधी लोक नमस्कार करतात.

‘झोंबिवली’ याला काहीसा अपवाद वाटतो तो एका कारणाने. संध्याकाळी सातची कर्जत लोकल ज्याने डोंबिवलीला रिकामी होताना पाहिली आहे, त्याला टोळीची कल्पना परकी वाटत नाही.

या भीतीची किंमत कोण मोजतो?

करोनाकाळात, २०२१ मध्ये, कोल्टन स्क्रिव्हनर आणि मॅथियास क्लासेन यांच्यासह काही संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. भयपटांचे चाहते त्या काळात मानसिकदृष्ट्या कमी खचले आणि झॉम्बी, परग्रहवासी, प्रलय असले चित्रपट पाहणारे मनाने अधिक तयार होते, असे त्यात आढळले. एकाचे कारण दुसरे, असे यातून सिद्ध होत नाही. मुळात खंबीर माणसेच असे चित्रपट पाहत असतील. तरी झॉम्बीपट ही एक प्रकारची रंगीत तालीम असते, हे म्हणणे रास्त आहे.

पण तालीम कशाची? झॉम्बीपटाची पहिली अट अशी, की समोरचा माणूस आता माणूस नाही हे एकदा ठरले की त्याच्या डोक्यात गोळी घालण्यात पाप नाही. एरवी पडद्यावर सहन न होणारी हत्या इथे टाळ्या घेते. हीच उपमा पडद्याबाहेर वापरली जाते तेव्हा ती फार महाग पडते. अल्झायमरच्या रुग्णांना ‘जिवंत प्रेत’ म्हणण्याच्या सवयीवर सुझन बेहुनियाक यांनी २०११ मध्ये सविस्तर टीका केली होती. ओळख विसरलेल्या आईला झॉम्बी म्हटले, की तिच्याशी बोलणे बंद करायला निमित्त मिळते. निर्वासितांच्या रांगा, झोपडपट्टीतील गर्दी, टाळेबंदीत गावाकडे चालत निघालेले मजूर यांच्याबद्दल ‘लोंढा’ हा शब्द आपण किती सहज वापरतो, हे २०२०च्या एप्रिल-मेमध्ये दिसलेच. अनेक सोसायट्यांनी तेव्हा रात्रंदिवस रुग्णसेवा करणाऱ्या परिचारिकांनाही फाटकाबाहेर अडवले होते. हैतीत झॉम्बी हा पिळला गेलेला मजूर होता. शंभर वर्षांत तोच पिळवणुकीचा बळी भीतीचे कारण झाला, आणि पिळणारा सरदार मात्र देखणा, उदास, प्रेम करण्याजोगा नायक बनला, हा या दोन चित्रपटप्रकारांचा सर्वांत अस्वस्थ करणारा भाग आहे.

रोमेरोला याची जाणीव असावी. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चा नायक बेन हा कृष्णवर्णीय आहे, ड्वेन जोन्स या नटाने ती भूमिका केली. घरातील सगळे मरतात, तळघरात लहान मुलगी आपल्याच आईला करणीने भोसकते, बेन एकटा रात्र काढून जिवंत राहतो. सकाळी बंदूकधारी नागरिकांची टोळी झॉम्बी टिपत येते. खिडकीत कुणीतरी हालते. लांबून नेम धरून ते बेनच्या डोक्यात गोळी घालतात आणि आकड्यांनी ओढत नेऊन त्याला इतर प्रेतांसोबत ढिगावर टाकतात. चित्रपट पूर्ण झाल्यावर रोमेरो आणि सहकारी त्याची प्रत मोटारीत घालून वितरक शोधायला न्यूयॉर्कला निघाले होते. ती रात्र ४ एप्रिल १९६८ची. वाटेत मोटारीतील रेडिओवर बातमी आली, की मेम्फिसमध्ये मार्टिन ल्युथर किंग यांना गोळी घालण्यात आली आहे.